कोकणातील वडिलोपार्जित घर आणि जबलपूरचे वारसदार : नाव, हक्क, भाव आणि योजना

ही माहिती कोणासाठी आहे?

दीक्षितपुरा, राइट टाउन, नेपियर टाउन आणि जबलपुरातील इतर वस्त्यांत राहणाऱ्या ज्या मराठी कुटुंबांचे मूळ घर किंवा जमीन कोकण किनाऱ्यावर आहे, त्यांच्यासाठी ही माहिती आहे. आजोबा किंवा पणजोबा नोकरीनिमित्त इकडे आले आणि गावचे घर भाऊबंदांकडे राहिले. नंतर येणे-जाणे कमी झाले. आता गावाकडून किंवा एखाद्या दलालाकडून फोन येतो, "तुमची फक्त एक सही हवी आहे." ती सही करण्यापूर्वी हा लेख वाचा. जबलपुरात घरकुलासाठी किंवा इतर योजनेसाठी अर्ज करणार असाल, तरीही वाचा. गावच्या वाट्याचा तुमच्या पात्रतेशी संबंध येऊ शकतो.

थोडक्यात महत्त्वाचे

• सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून वारसाचा हक्क संपत नाही. मात्र नाव नसेल तर व्यवहाराची नोटीस तुमच्यापर्यंत पोहोचत नाही आणि नुकसानभरपाईही मिळत नाही.
• मुलींचा वाटा मुलांइतकाच आहे. लग्न होऊन जबलपुरात आलेल्या मुलीचाही.
• हक्कसोडपत्र नोंदले की वाटा गेला. ते "फक्त नाव लावण्यासाठीचा कागद" नसते.
• किनाऱ्यालगतच्या जमिनीची किंमत भरतीरेषेपासूनच्या अंतरावर आणि बांधकामाच्या परवानगीवर ठरते. केवळ समुद्र दिसतो म्हणून ठरत नाही.
• प्रधानमंत्री आवास योजनेच्या अर्जात देशात कुठेही पक्के घर नसल्याचे जाहीर करावे लागते. गावचा वाटा लपवू नका.

शब्द वेगळे, काम तेच

मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र यांच्या महसूल कार्यालयांतले शब्द वेगळे आहेत. त्यामुळे फोनवर बोलताना गोंधळ होतो. पुढील जोड्या जवळ ठेवा.

• पटवारी : तलाठी (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी)
• राजस्व निरीक्षक : मंडळ अधिकारी
• खसरा : सातबारा उतारा
• बी-१ किंवा खतौनी : आठ-अ
• नामांतरण : फेरफार नोंद
• बँटवारा : वाटप
• सीमांकन : मोजणी
• रजिस्ट्री : खरेदीखत, म्हणजे नोंदणीकृत दस्त
• हक त्याग विलेख : हक्कसोडपत्र
• मुख्तारनामा : कुलमुखत्यारपत्र
• कलेक्टर गाइडलाइन : रेडी रेकनर, म्हणजे वार्षिक बाजारमूल्य दर तक्ता

समग्र आयडी फक्त मध्य प्रदेशात चालतो. महाराष्ट्रातील कामासाठी आधार आणि पत्त्याचा पुरावा पुरतो.

पहिली पायरी : कागद पाहा

गावाचे नाव, तालुका आणि जिल्हा माहीत असेल तर महाभूलेख या संकेतस्थळावर सातबारा घरबसल्या विनाशुल्क पाहता येतो. गट क्रमांक माहीत नसला तरी आजोबांच्या नावाने किंवा आडनावाने शोधता येतो. हा उतारा फक्त माहितीसाठी असतो. कार्यालयीन कामासाठी डिजिटल स्वाक्षरी असलेला उतारा घ्या. त्याचे शुल्क १५ रुपये आहे आणि त्यावर वेगळ्या सही-शिक्क्याची गरज नसते.

उतारा हातात आला की पुढील चार गोष्टी तपासा.

१. भोगवटादार : कोणाची नावे आहेत? आजोबांचे किंवा पणजोबांचे नाव अजून आहे का? तुमच्या शाखेचे कोणी आहे का?

२. भोगवटादार वर्ग : वर्ग १ ची जमीन मालकाला साधारणपणे विनापरवानगी विकता येते. वर्ग २ वर शासनाचे निर्बंध असतात आणि विक्रीला परवानगी लागते.

३. इतर हक्क : येथे कुळाचे नाव, बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, विहिरीचा किंवा वाटेचा हक्क लिहिलेला असतो. कुळकायद्यानुसार १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि अनेक जमिनींचे मालक कुळे झाली. त्यामुळे "आमची गावी खूप जमीन होती" असे घरात ऐकले असले, तरी आज ती कोणाच्या नावावर आहे हे उताराच सांगतो.

४. फेरफार क्रमांक : उताऱ्यावर जुन्या फेरफारांचे क्रमांक असतात. एखादे नाव कधी आणि कोणत्या कागदाच्या आधारे गळले किंवा चढले, ते त्या फेरफाराची नक्कल काढल्यावर कळते. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून नक्कल मिळते.

घर गावठाणात असेल तर त्याला सातबारा नसतो. तेथे ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घरपट्टीचा उतारा, आणि जेथे नगर भूमापन किंवा स्वामित्व योजनेची ड्रोन मोजणी झाली आहे तेथे मिळकत पत्रिका असते. स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झाली. गावात चौकशी चालू असताना हजर राहणाऱ्याचे नाव सहज लागते आणि परगावच्या वारसाचे राहून जाते. म्हणून गावात मोजणी झाली का, हे ग्रामसेवकांना विचारा. कोकणात वाड्यांतील बरीच घरे गावठाणाबाहेर, आगरात किंवा परड्यात असतात. अशा वेळी जमिनीचा सातबारा आणि घराचा नमुना ८ असे दोन्ही कागद पाहावे लागतात.

लक्षात ठेवा : नमुना ८ हा कराचा कागद आहे, मालकीचा नाही. घरपट्टी भरणारा भाऊबंद त्यामुळे एकटा मालक होत नाही. पण घर कधीपासून उभे आहे आणि मातीच्या भिंतीचे, कौलारू की सिमेंटचे आहे, हे त्यावर लिहिलेले असते. ही नोंद पुढे दोन ठिकाणी कामी येते.

दुसरी पायरी : वारस नोंद करा

महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ नुसार वारसाने हक्क मिळाल्याची माहिती तलाठ्याला तीन महिन्यांत द्यायची असते. अनेक कुटुंबांनी तीस-चाळीस वर्षांत ती दिलेली नाही. उशीर झाला तरी अर्ज करता येतो. अशा राहून गेलेल्या नोंदींसाठीच महाराष्ट्र शासनाने एप्रिल-मे २०२५ मध्ये राज्यभर "जिवंत सातबारा" मोहीम राबवली आणि मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्यास सांगितले. तुमच्या गटात तेव्हा कोणाची नावे लागली, हे ताज्या उताऱ्यावर तपासा. गावी असलेल्या वारसांचीच नावे लागली असतील तर तुमचा अर्ज आता आवश्यक आहे.

लागणारे कागद :

• मयत खातेदाराचा मृत्यू दाखला. मृत्यू जबलपुरात झाला असेल तर तो नगर निगमकडून मिळतो.
• मधल्या पिढीत कोणी वारले असल्यास त्यांचाही मृत्यू दाखला.
• सर्व वारसांची नावे, वय, नाते आणि पत्ते असलेली वंशावळ आणि त्याबाबतचे प्रतिज्ञापत्र.
• अर्जदाराचे आधार आणि पत्त्याचा पुरावा.
• ताजा सातबारा किंवा आठ-अ.

वाद नसेल तर या नोंदीसाठी न्यायालयाचा वारस दाखला लागत नाही. ई-हक्क प्रणालीवर जबलपुरातून ऑनलाइन अर्ज करता येतो. ते जमत नसेल तर अर्ज तलाठी कार्यालयाला नोंदणीकृत टपालाने पाठवा आणि पोहोच जपून ठेवा. अर्जानंतर तलाठी हितसंबंधितांना नोटीस काढतात, हरकतीसाठी १५ दिवसांची मुदत असते आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित किंवा रद्द करतात. ही नोटीस "आपली चावडी" या संकेतस्थळावरही दिसते. महिन्यातून एकदा आपल्या गावाचे पान उघडून पाहण्याची सवय घरातल्या एका तरुणाला लावा. गटावर नवी हालचाल झाली तर वेळेत हरकत घेता येईल.

वंशावळीत कोणालाही वगळू नका. आत्या, बहिणी, मयत भावाची पत्नी या सर्वांची नावे द्या. वगळलेला वारस पुढे तक्रार करू शकतो आणि खोटे प्रतिज्ञापत्र हा गुन्हा आहे.

वाटा किती?

हिंदू उत्तराधिकार कायद्यात ९ सप्टेंबर २००५ पासून दुरुस्ती झाली आणि वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीला जन्मापासून मुलाइतका हक्क मिळाला. वडील त्या तारखेला हयात असणे आवश्यक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या निकालात स्पष्ट केले. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेली वाटणी किंवा विक्री या दुरुस्तीने बदलत नाही.

एक उदाहरण पाहू. समजा, आजोबांच्या नावे ३० गुंठे जागा आणि घर आहे. आजी-आजोबा दोघेही वारले. त्यांना दोन मुलगे आणि एक मुलगी. प्रत्येकाचा वाटा एक तृतीयांश, म्हणजे १० गुंठ्यांइतका. त्यांपैकी जबलपूरला आलेला मुलगा वारला. त्याच्या मागे पत्नी, एक मुलगा आणि एक मुलगी आहे. त्या तिघांचा मिळून वाटा १० गुंठ्यांचा, म्हणजे प्रत्येकी साधारण ३.३३ गुंठे. घरातही प्रत्येकी नववा हिस्सा. वाटप होईपर्यंत हे हिस्से सामाईक असतात. कोणता माड कोणाचा आणि कोणती खोली कोणाची, हे ठरलेले नसते.

जबलपूरच्या शाखेला गावी कोणी ओळखत नाही म्हणून हा हिस्सा कमी होत नाही. सहहिस्सेदार गावी राहून जागा वापरत असेल, तर केवळ त्या वापरामुळे इतरांचा हक्क बुडत नाही. इतरांचा हक्क त्याने उघडपणे नाकारला असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा मुदतीचा प्रश्न येतो आणि वकिलाचा सल्ला लगेच घ्यावा.

दुसरी बाजूही न्यायाने पाहा. गावच्या भावाने पावसाळ्यापूर्वी कौले परतली, घरपट्टी भरली, माडांना पाणी घातले. वाटपाची बोलणी करताना या खर्चाचा हिशेब मान्य केला तर बहुतेक घरांतले वाद न्यायालयाच्या बाहेरच मिटतात.

तिसरी पायरी : भाव समजून घ्या

कोकणातील जागांना मागणी का वाढली, याची कारणे उघड आहेत. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण मार्गावर सुरू झाली. सिंधुदुर्गातील चिपी विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला. शिवडी आणि न्हावाशेवा यांना जोडणारा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला आणि मुंबईहून अलिबागकडे जाणे सोपे झाले. मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण आणि रेवस-रेडी सागरी महामार्गावरील पूल यांच्याकडे पाहूनही लोक जागा शोधत आहेत. त्यामुळे ज्या घराची वर्षानुवर्षे कोणी चौकशी केली नाही, त्याच्यासाठी आता जबलपूरला फोन येतात.

भाव ठरवण्यासाठी दलालाच्या आकड्यावर विसंबू नका. तीन गोष्टी स्वतः पाहा.

रेडी रेकनर : नोंदणी व मुद्रांक विभाग हा तक्ता प्रसिद्ध करतो आणि नवे दर साधारणपणे १ एप्रिलपासून लागू होतात. १ एप्रिल २०२५ पासून ग्रामीण भागातील दर सरासरी ३.३६ टक्क्यांनी वाढवले गेले. हा दर मुद्रांक शुल्क मोजण्यासाठी असतो. प्रत्यक्ष बाजारभाव त्याहून जास्त किंवा कमी असू शकतो. पण कोणी रेकनरपेक्षाही कमी रक्कम देऊ करत असेल तर थांबा.

सूची क्रमांक २ : त्याच गावात अलीकडे झालेल्या खरेदीखतांची माहिती नोंदणी विभागाच्या ई-सर्च सुविधेवर मिळते. आपल्या जागेसारख्या तीन व्यवहारांचे क्षेत्र आणि रक्कम लिहून घ्या व गुंठ्याचा दर काढा. कागदावरची रक्कम हीच खरी तुलना.

जागेचे गुणदोष : रस्ता गटाला लागतो का, पाणी आहे का, जमीन बिगरशेती आहे का, सर्व वारसांची नावे आहेत का आणि भरतीरेषेपासून अंतर किती आहे.

शेतजमिनीचा खरेदीदार महाराष्ट्रात साधारणपणे शेतकरीच असावा लागतो. ही अट वारसाने नाव लावायला लागू नाही. तुम्ही जबलपुरात नोकरी किंवा दुकान करत असलात तरी वारस म्हणून तुमचे नाव शेतजमिनीवर लागते. दुसरी अडचण तुकडेबंदी कायद्याची. २०२३ च्या अधिसूचनेनुसार बहुतेक जिल्ह्यांत प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीसाठी २० गुंठे आणि बागायतीसाठी १० गुंठे आहे. त्याहून लहान तुकडा वेगळा करून विकण्यापूर्वी दुय्यम निबंधकांना विचारून घ्या.

भरतीरेषा आणि घर

किनाऱ्यावरील बांधकामाला किनारपट्टी नियमन क्षेत्राचे नियम लागू होतात. लोक त्याला सीआरझेड म्हणतात. पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ ची, दुसरी २०११ ची आणि सध्याची १८ जानेवारी २०१९ ची आहे. समुद्राच्या भरतीरेषेपासून जमिनीकडे ५०० मीटरपर्यंत आणि खाडीकाठी ५० मीटर किंवा खाडीची रुंदी यांपैकी जे कमी असेल तेथपर्यंत हे नियम लागू होतात.

ग्रामीण भागाचे दोन गट आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार जेथे लोकवस्ती दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त आहे, तेथे भरतीरेषेपासून ५० मीटर ना-विकास क्षेत्र असते. बाकीच्या ग्रामीण भागात ते २०० मीटर असते. रत्नागिरी जिल्ह्याची सरासरी घनता त्या जनगणनेत १९७ आणि सिंधुदुर्गाची १६३ होती. यावरून आपले गाव बहुधा कोणत्या गटात येईल याचा अंदाज येतो. नक्की स्थिती मंजूर नकाशावर पाहा.

घरमालकासाठी याचा अर्थ असा :

• ना-विकास क्षेत्रात अधिकृत जुन्या घराची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी मूळ जोत्याच्या आणि चटईक्षेत्राच्या मर्यादेत करता येते. घर जुने आणि अधिकृत असल्याचा पुरावा येथे निर्णायक ठरतो. म्हणून नमुना ८ चे जुने उतारे जपा.
• स्वतःच्या राहण्यासाठी एकूण ३०० चौरस मीटरपर्यंतच्या बांधकामाला, जेथे नियमांनुसार बांधकाम करता येते तेथे, स्थानिक प्राधिकरण मंजुरी देऊ शकते. राज्य किनारपट्टी प्राधिकरणाच्या शिफारशीची गरज नसते. मात्र स्थानिक प्राधिकरणाने सीआरझेडचे नियम तपासलेच पाहिजेत.
• स्थानिक रहिवाशांना सध्याच्या घराचे जोते आणि दर्शनी रूप न बदलता घरगुती पर्यटन निवास चालवता येतो. विकण्याऐवजी घर राखून उत्पन्न मिळवण्याचा हा एक मार्ग आहे. गावी राहणारा भाऊबंद आणि जबलपूरचे वारस यांनी उत्पन्नाचा वाटा लेखी ठरवावा.

"समुद्रालगत आहे, रिसॉर्ट होईल" असे सांगून जास्त भावाचे आमिष आणि छोटा विसार देणाऱ्यांपासून सावध राहा. "सीआरझेडमध्ये आहे, काहीच किंमत नाही" असे सांगून वाटा फुकटात मागणाऱ्यांपासूनही सावध राहा. ज्या जागी जुने अधिकृत घर उभे आहे तिला किंमत असते.

चौथी पायरी : सही करण्यापूर्वी कागद ओळखा

संमतीपत्र : एखाद्या ठरावीक कामाला तुमची हरकत नाही, एवढेच हा कागद सांगतो. गावच्या भावाला घरकुल मंजूर झाले असेल तर सामाईक जागेसाठी ग्रामपंचायत बहुधा सहहिस्सेदारांची संमती मागते. ती जरूर द्या. तुमच्या सहीअभावी त्याचे घर अडू शकते. फक्त "ही संमती घरकुलाच्या बांधकामापुरती असून माझा मालकी हिस्सा कायम आहे" हे वाक्य लिहून घ्या.

हक्कसोडपत्र : यामुळे तुमचा वाटा दुसऱ्या सहहिस्सेदाराकडे कायमचा जातो. स्थावर मिळकतीचे हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावे लागते. वडिलोपार्जित मिळकतीत भाऊ, बहीण, मुले, आई-वडील अशा जवळच्या नात्यात मुद्रांक शुल्क नाममात्र आहे. २०२४ च्या दुरुस्तीनंतर ते ५०० रुपये झाले. शुल्क लहान असले तरी परिणाम मोठा आहे.

बक्षीसपत्र : राहते घर किंवा शेतजमीन पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातवंडे यांना बक्षीस देताना मुद्रांक शुल्क २०० रुपये आणि लागू असल्यास स्थानिक अधिभार पडतो. भावाला किंवा पुतण्याला दिल्यास ही सवलत नाही.

कुलमुखत्यारपत्र : गावी जाणे शक्य नसेल तर विश्वासू व्यक्तीला अधिकार देता येतात. दस्त नोंदवण्याचा अधिकार द्यायचा असेल तर नोंदणी कायद्याच्या कलम ३३ नुसार ते पत्र तुम्ही जेथे राहता तेथील निबंधकासमोर, म्हणजे जबलपूरच्या उपपंजीयक कार्यालयात, करून प्रमाणित करावे लागते. केवळ नोटरीचा शिक्का पुरत नाही. आजारी किंवा वृद्ध व्यक्तीसाठी अधिकारी घरी येऊन प्रमाणित करू शकतात. पत्रात गट क्रमांक, नेमके काम आणि मुदत लिहा. "विक्री करणे व रक्कम घेणे" असे सर्वाधिकार देऊ नका. विक्रीची रक्कम तुमच्याच बँक खात्यात जमा व्हावी, अशी अट घाला. पत्र देणारी व्यक्ती वारली की सर्वसाधारणपणे ते पत्र संपते. मुखत्यारपत्राच्या जोरावर जागा "विकत घेतली" असे कोणी म्हणत असेल, तर त्याने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात सांगितले आहे.

कोऱ्या स्टँप पेपरवर किंवा न वाचलेल्या कागदावर सही अथवा अंगठा देऊ नका. घरातील वयस्क आजी-काकूंना हे आवर्जून समजावून सांगा. कागद घेऊन माणूस घरी येतो तो बहुधा दुपारी, तरुण मंडळी कामावर असताना.

एखाद्या हिस्सेदाराने आपला वाटा बाहेरच्या माणसाला विकायचे ठरवले तर?

पहिल्या वर्गाच्या वारसांना हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २२ नुसार तो वाटा आधी विकत घेण्याचा अग्रहक्क आहे. हा हक्क शेतजमिनीलाही लागू होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटले. एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातील वाटा बाहेरच्याने घेतला तरी त्याला घरात शिरून सामाईक ताबा मागता येत नाही. त्याने वाटपाचा दावा केला तर १८९३ च्या विभाजन कायद्याच्या कलम ४ नुसार कुटुंबातील हिस्सेदार न्यायालयाने ठरवलेल्या किमतीत तो वाटा परत घेऊ शकतात.

जबलपूरमधील योजना आणि गावचा वाटा

प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० : ही योजना सप्टेंबर २०२४ पासून लागू आहे. स्वतःच्या भूखंडावर घर बांधणाऱ्या दुर्बल घटकातील कुटुंबाला केंद्राचे १.५० लाख आणि राज्याचे किमान १ लाख मिळून २.५० लाख रुपये मिळतात. या घटकासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे. पती, पत्नी आणि अविवाहित मुले मिळून एक कुटुंब धरले जाते. त्यांपैकी कोणाच्याही नावे देशात कुठेही पक्के घर नसावे आणि मागील २० वर्षांत शासकीय घरकुलाचा लाभ घेतलेला नसावा.

गावच्या घरात नववा हिस्सा असेल तर काय? तो अर्जासोबत लेखी कळवा. नमुना ८ चा उतारा जोडा. घर मातीचे, पडके किंवा सामाईक असल्याचे त्यावरून दिसते. निर्णय नगर निगमच्या पडताळणीत होईल. वाटा लपवला आणि नंतर उघड झाला तर मंजूर लाभ रद्द होऊन वसुली होऊ शकते. केवळ अर्जासाठी घाईने हक्कसोडपत्र करू नका. अर्ज नामंजूर झाला तर घरही नाही आणि वाटाही नाही, अशी स्थिती येईल.

प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण : हा लाभ गावी राहणाऱ्या, यादीत नाव असलेल्या कुटुंबासाठी आहे. सपाट भागात १.२० लाख आणि डोंगराळ भागात १.३० लाख रुपये मिळतात. जबलपुरात राहून गावच्या पत्त्यावर हा अर्ज करता येत नाही.

मुख्यमंत्री लाडली बहना योजना : कुटुंबाकडे एकत्रित पाच एकरांहून जास्त शेतजमीन असल्यास महिला अपात्र ठरते, असा निकष आहे. सातबाऱ्यावर सर्व हिस्सेदारांचे मिळून क्षेत्र दिसते. पाच एकर म्हणजे साधारण २०० गुंठे. विचारणा झाली तर वंशावळीच्या आधारे आपला हिस्सा काढून दाखवता यावा, म्हणून कागद तयार ठेवा.

चक्रीवादळाची मदत : ३ जून २०२० रोजी निसर्ग आणि मे २०२१ मध्ये तौक्ते या वादळांनी कोकणातील घरांचे मोठे नुकसान केले. राष्ट्रीय निकषांनुसार पूर्ण पडलेल्या घराला सपाट भागात १.२० लाख आणि किमान १५ टक्के नुकसान झालेल्या पक्क्या घराला ६,५०० रुपये मदत ठरलेली आहे. मदत पंचनाम्यावर मिळते. बंद घराचा पंचनामा कोणी करवून घेत नाही. म्हणून शेजारच्या एका व्यक्तीचा फोन जवळ ठेवा आणि घराचे सध्याचे फोटो काढून ठेवा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

सातबाऱ्यावर नाव लागले म्हणजे मी मालक झालो का?
महसुली नोंद मालकी निर्माण करत नाही. मालकी वारसा हक्काने किंवा नोंदणीकृत दस्ताने येते. नोंदीमुळे तुम्ही दिसता, नोटीस मिळते आणि तुम्हाला वगळून व्यवहार करणे अवघड होते.

सर्वांना एकत्र विकायचे असेल तर रक्कम कशी घ्यावी?
प्रत्येक हिस्सेदाराचे नाव, हिस्सा आणि रक्कम खरेदीखतात वेगळी लिहून घ्या. रक्कम आपापल्या खात्यात घ्या. रोखीने घेऊ नका. घर आणि बिगरशेती जागेच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागू शकतो. ग्रामीण शेतजमिनीला तो सहसा लागत नाही. विक्रीपूर्वी कर सल्लागाराला विचारा.

वकील परवडत नाही. मदत कोठे मिळेल?
जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे. महिला, अनुसूचित जाती व जमाती, दिव्यांग व्यक्ती आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेल्यांना मोफत वकील मिळतो. महिलांना उत्पन्नाची अट नाही. सल्ल्यासाठी १५१०० या क्रमांकावर फोन करा. दावा चालवायचा असेल तर जमीन ज्या जिल्ह्यात आहे तेथील प्राधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. जबलपूरचे कार्यालय त्यासाठी मार्गदर्शन करते.

गावाचे नाव माहीत आहे, पण कोणाची ओळख नाही.
आजोबांचे जुने पत्र, शाळेचा दाखला, कुलदैवताच्या पावत्या, घरपट्टीची पावती यांवर गाव आणि वाडीचे नाव असते. त्यावरून तालुका शोधा आणि महाभूलेखवर आडनावाने शोध घ्या. उताऱ्यावर दिसणारे खातेदार बहुधा तुमचेच भाऊबंद असतील.

या महिन्यात करायची कामे

□ गाव, वाडी, तालुका आणि गट क्रमांक एका वहीत लिहा.
□ डिजिटल सातबारा आणि नमुना ८ काढा.
□ घरातील वयस्क व्यक्तींकडून पूर्ण वंशावळ लिहून घ्या. मुली आणि सुनांची नावे सोडू नका.
□ मृत्यू दाखले गोळा करा.
□ वारस नोंदीचा अर्ज करा आणि पोहोच जपा.
□ गावच्या भाऊबंदांना फोन करून अर्ज करत असल्याचे सांगा. नोटीस अचानक हाती पडली की गैरसमज होतो.
□ घरात सर्वांना सांगून ठेवा : कोणताही कागद आला तर सही आधी नाही, वाचन आधी.

नियम आणि शुल्क वेळोवेळी बदलतात. प्रत्यक्ष अर्ज करण्यापूर्वी संबंधित तलाठी, दुय्यम निबंधक किंवा नगर निगम कार्यालयाकडून खात्री करून घ्या.